गळणारा डिझेल पंप आणि फुगलेले रबर

जुन्या ट्रकचा डिझेल पंप, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांकडे दाबाने डिझेल ढकलणारा पंप, गळू लागला की एक ठरलेले स्पष्टीकरण ऐकू येते. पूर्वीच्या डिझेलमध्ये गंधक होते, ते वंगणाचे काम करीत असे, ते काढून टाकल्यामुळे डिझेल ‘कोरडे’ झाले आणि म्हणून पंपाची सील, म्हणजे सांधे बंद ठेवणारे रबर, वाळली, असे ते स्पष्टीकरण. ते इतके सुटसुटीत आहे की खोडून काढणे जिवावर येते. पण त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे आणि दोन्हींत गंधक जवळजवळ निर्दोष आहे.

आधी वंगणाची गोष्ट उरकून घेऊ. डिझेलमधील गंधक काढण्यासाठी ते तापवून, दाबाखाली, उत्प्रेरकाच्या सान्निध्यात हायड्रोजनशी भिडवले जाते. या प्रक्रियेत गंधकाबरोबरच ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेली काही अल्पप्रमाणातील संयुगेही नष्ट होतात. धातूच्या पृष्ठभागाला चिकटून घर्षण कमी करणारी संयुगे मुख्यतः हीच होती. त्यांची उणीव भरून काढण्यासाठी विक्रीच्या डिझेलमध्ये वंगणकारक द्रव्य मिसळले जाते आणि त्याची परीक्षाही होते : ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या डिझेलमध्ये पोलादी गोळी चकतीवर ७५ मिनिटे घासतात आणि गोळीवर पडलेल्या व्रणाचा व्यास, युरोपीय मानकानुसार, ४६० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त चालत नाही. हा सगळा प्रश्न धातूच्या झिजेचा आहे. पंपाखाली जमणाऱ्या ओल्या डागाशी त्याचा संबंध फारसा नाही.

तो डाग कुठून येतो हे समजण्यासाठी पंपात रबर कुठे असते ते पाहावे लागेल. जुन्या इनलाइन पंपात प्रत्येक सिलिंडरसाठी एक ‘एलिमेंट’ असते, म्हणजे एक दट्ट्या आणि त्याची नळी. ही जोडी एकमेकांवर घासूनच तयार केलेली असते आणि दोहोंमधील फट दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाच्या आसपास असते. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल उघडण्यासाठी लागणारा सुमारे २०० बार दाब (एक बार म्हणजे साधारण वातावरणाच्या हवेइतका दाब) हीच फट पेलते आणि तिथे रबराचा कणही नसतो. रबर असते ते कमी दाबाच्या बाजूला : नळीच्या बाहेरील ओ-रिंग (गोल रबरी कडे), झाकणाखालचे सील, टाकीतून डिझेल आणणाऱ्या फीड पंपाचे सांधे आणि रोटरी पंपात, जिथे सगळे पोटच डिझेलने भरलेले असते, तिथे शाफ्टवरील ऑइल सील. म्हणजे २०० बार सांभाळणारा भाग शाबूत राहतो आणि एक-दोन बार सांभाळणारा गळतो.

हे रबर बहुधा नायट्राइल जातीचे असते. रबर म्हणजे लांबच लांब रेणुसाखळ्यांचा गुंता. या साखळ्या अधूनमधून एकमेकींना बांधलेल्या असतात, म्हणून ते ताणले तरी पूर्वपदावर येते. हे बांधणे बहुतेक वेळा गंधकानेच केलेले असते. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधलेली व्हल्कनायझेशनची क्रिया ती हीच. पंपाच्या सीलमध्ये गंधकाचे खरे काम असेल तर ते रबराच्या आत आहे, डिझेलमध्ये नव्हे.

असे रबर द्रवात बुडवले की द्रवाचे रेणू साखळ्यांमध्ये शिरतात. त्यांच्या मिसळण्याच्या प्रवृत्तीमुळे जाळे फुगते. फुगताना साखळ्या ताणल्या जातात आणि त्यांचा ताण आणखी द्रवाला आत येऊ देत नाही. या दोन प्रवृत्ती जिथे बरोबरीला येतात तिथे फुगणे थांबते. हा समतोल पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये समीकरणात मांडला. फुगवटा किती होईल हे द्रव आणि रबर स्वभावाने किती जवळचे आहेत यावर ठरते. रसायनशास्त्रज्ञ ही जवळीक ‘विद्राव्यता-मापांक’ नावाच्या आकड्याने मोजतात. (मेगापास्कलचे वर्गमूळ हे त्याचे विचित्र एकक वाचकाने खुशाल विसरून जावे.) नायट्राइल रबराचा हा आकडा सुमारे २०, टोल्युइनसारख्या कडीदार, म्हणजे अॅरोमॅटिक, रेणूंचा १८ च्या आसपास, तर डिझेलमधील सरळ साखळीच्या रेणूंचा १६ च्या आसपास असतो. आकडे जितके जवळ, तितका द्रव रबरात अधिक शिरतो. डिझेलमधील सरळ रेणू रबराच्या दारातच घुटमळतात, कडीदार रेणू मात्र आत मुक्काम करतात.

आता धागा जुळतो. गंधक काढणाऱ्या हायड्रोजनच्या प्रक्रियेत काही कडीदार रेणूंचेही रूप बदलते आणि त्यांचे प्रमाण घटते. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये रस्त्यावरील वाहनांच्या डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५०० भागांवर आली आणि कॅलिफोर्नियाने त्याच वेळी अॅरोमॅटिक द्रव्यांवर १० टक्क्यांची मर्यादा घातली. त्यानंतर जुन्या वाहनांचे पंप गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. वर्षानुवर्षे अॅरोमॅटिक द्रव्यांनी फुगून बसलेल्या रबरातून ती द्रव्ये बाहेर पडली आणि रबर आटले.

मग त्याच डिझेलवर नव्या गाड्यांची नायट्राइल सील का गळली नाही? दाबून ठेवलेले रबर वर्षानुवर्षे तापत राहिले की जुन्या गाठी सुटून दाबलेल्या अवस्थेतच नव्या गाठी पडतात आणि दाब काढल्यावर ते मूळ जाडीवर परतत नाही. या हरवलेल्या उसळीला ‘कायमचा दाब’ म्हणू. एक सोपा हिशेब पाहा. ३ मिलिमीटर जाडीची ओ-रिंग खाचेत बसवताना २.४ मिलिमीटरपर्यंत दाबली गेली असे समजू. नवी असताना तिच्यात ०.६ मिलिमीटरची उसळी शिल्लक आहे. तिची ९० टक्के उसळी हरवली, तर मोकळी केल्यावर ती २.४६ मिलिमीटरपर्यंतच येईल. म्हणजे सांधा बंद ठेवायला उरली ०.०६ मिलिमीटर. आता डिझेल बदलले आणि तिचे आकारमान सहा टक्के घटले, तर जाडी साधारण दोन टक्क्यांनी, म्हणजे ०.०५ मिलिमीटरने कमी होते. उरले ०.०१. तापलेला पंप रात्री ४० अंशांनी थंड झाला की रबर, जे पोलादाच्या दहापट आकुंचन पावते, आणखी ०.०१५ मिलिमीटर आटते आणि सांधा उघडतो. पहाटे गळणारा आणि इंजिन तापल्यावर आपोआप ‘बरा’ होणारा पंप हे गूढ नसून वजाबाकी आहे. नव्या ओ-रिंगच्या ०.६ मधून तेवढेच वजा झाले तरी तिला पत्ता लागत नाही.

‘गळती थांबवणाऱ्या’ बाटल्यांबद्दलही याच हिशेबाने बोलता येते. त्यांत बहुधा एस्टरसारखे रबरात शिरणारे द्रव्य असते. ते सील पुन्हा फुगवते, त्यामुळे त्या काही काळ खरोखर चालतात. पण हरवलेली उसळी परत येत नाही आणि बाटलीचा अंमल ओसरला की पाढा पुन्हा तोच. इंधनाच्या नळीला लावायच्या चुंबकाची मात्र एवढीही बाजू घेता येत नाही. डिझेलच्या रेणूंवर चुंबकाचा परिणाम नगण्य असतो आणि आटलेल्या रबरावर तर मुळीच होत नाही.

उपाय म्हणजे सील बदलणे, आणि पंप आतूनही झिजलेला असेल तर पूर्ण पंप बदलणे. त्याआधी पंप बाहेरून धुऊन कोरडा करावा आणि ओल पहिल्यांदा कुठे उमटते ते पाहावे, कारण वरच्या पाइपच्या सैल नटातून ओघळलेले डिझेल पंपाच्या तळाशी थेंब धरते. चालत्या इंजिनात हाताने चाचपून गळती शोधू नये. २०० बारचा बारीक फवारा कातडी भेदून आत जातो आणि तशी जखम लहान दिसली तरी तातडीच्या शस्त्रक्रियेची असते. नवी सील फ्लोरोकार्बन रबराची घेतली तर अॅरोमॅटिक द्रव्ये असोत वा नसोत, तिला फारसा फरक पडत नाही. फक्त कडाक्याच्या थंडीत ती नायट्राइलपेक्षा लवकर ताठरते.

पंप बदलताना टायमिंग, म्हणजे डिझेल ढकलण्याची वेळ, जुळवावे लागते. चार-स्ट्रोक इंजिनात पंप क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे पंपावरची एक अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. जुनी खात्रीची पद्धत अशी : पहिल्या सिलिंडरचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथून डिझेलची धार वाहू द्यायची आणि इंजिन हाताने हळूहळू फिरवायचे, दट्ट्याने आतले छिद्र झाकले की धार तुटून थेंब पडू लागतात. पंप डिझेल ढकलू लागण्याचा क्षण तोच.

शेवटी एअर, म्हणजे पाइपांत अडकलेली हवा, काढायची. ६० सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटर पोकळीच्या पाइपात सुमारे १,९०० घन मिलिमीटर डिझेल मावते आणि पंप एका फेरीत, समजा, ८० घन मिलिमीटर ढकलतो. पाइपाचा दहावा भाग हवेने भरला असेल, तर ती पहिली ढकल १९० घन मिलिमीटर हवेला ११० पर्यंत दाबण्यातच संपते आणि दाब दुपटीलाही पोहोचत नाही. नोझलला हवा असतो दोनशेपट. म्हणून फीड पंपाच्या हँड प्रायमरने, म्हणजे हाताने चालवायच्या दट्ट्याने, फिल्टर आणि पंप भरून घेतात, मग नोझलकडचे नट सैल करून स्टार्टर मारतात आणि फेस जाऊन निखळ डिझेल आले की नट आवळतात. इंजिन सुरू झाल्यावर पंप कोरडा दिसला तरी तपासणी तिथे संपत नाही, कारण तेव्हा रबर तापून फुगलेले असते. पंपाखाली पुठ्ठा ठेवून द्यावा आणि तो दुसऱ्या दिवशी पहाटे, स्टार्टर मारण्याआधी पाहावा.