उन्हाळी छाट कलम

उन्हाळी छाट कलम : झुडपाचा किंवा फळझाडाचा त्याच हंगामात वाढलेला, पाने असलेला कोवळा अथवा निमजून फाटा तोडून त्याला ओलसर माध्यमात मुळे फोडण्याची अभिवृद्धीची पद्धत. तिला ‘हिरवे छाट कलम’ असेही म्हणतात. पानगळीनंतर घेतलेली पक्व काडी आपल्यात साठलेल्या अन्नावर मुळे धरते. हिरव्या काडीत असा साठा थोडाच असल्याने तिचे पान हेच तिचे भांडवल असते. मुळे नसताना हे पान तीन ते सहा आठवडे टवटवीत राखणे, एवढाच या पद्धतीतील खरा प्रश्न आहे. नावातला उन्हाळा समशीतोष्ण प्रदेशातला, म्हणजे साधारण जून ते ऑगस्ट असा आहे. दख्खनच्या वैशाखाशी त्याचा संबंध नाही. हायड्रेंजिया, लायलॅक, गुलाब ही झुडपे आणि करंट, गूसबेरी, सी-बकथॉर्न, ऑलिव्ह ही फळझाडे अशा रीतीने वाढवितात. चेरीचे काही खुंटही (ज्यांवर कलम बांधतात ती मूळझाडे) असेच करतात.

काडीपासून झाड करण्याची कला केव्हापासूनची, हे निश्चित सांगता येत नाही. भारतीय संदर्भात वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील (इ. स. सहावे शतक) वृक्षायुर्वेदाचा अध्याय नेहमी पुढे केला जातो. त्यात फणस, अशोक, केळ, जांभूळ, लकुच, डाळिंब, द्राक्ष, पालीवत, महाळुंग व अतिमुक्तक यांना ‘काण्डारोप्य’ (खोडाच्या तुकड्यापासून लावण्याजोगी) म्हटले असून त्यांना शेणाचा लेप लावण्यास सांगितले आहे. काही अभ्यासक यात छाट कलमाचा स्पष्ट उल्लेख पाहतात. मात्र त्याच श्लोकाचा पुढचा भाग मूळ तोडलेल्या जागी किंवा खोडावर रोपण करण्याविषयी असल्याने इतरांच्या मते हे वर्णन एका झाडावर दुसरे बांधण्याच्या कलमाचे आहे. झाडांच्या स्वभावावरून पाहिले, तर दोन्ही अर्थ पूर्ण बसत नाहीत. डाळिंब व द्राक्ष यांची काडी सहज मुळे धरते आणि महाळुंगाच्या खोडात तर मुळांचे सुप्त अंकुर आधीपासूनच असतात. ही तीन झाडे छाट कलमाच्या बाजूने साक्ष देतात. फणस आणि जांभूळ यांच्या काडीला मुळे फुटणे अवघड, म्हणून ती दुसऱ्या अर्थाकडे झुकतात. केळीला काष्ठमय खोडच नसल्याने ती कोणत्याच अर्थात बसत नाही. बिया न पेरता वाढविण्याच्या झाडांची ही एकत्र यादी असावी, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. शेणाचा लेप कापलेल्या जागेतील ओल टिकविण्यासाठी असावा. रोपण व पुनर्रोपणाच्या ऋतूंमध्ये तेथे शिशिर, हेमंत व वर्षा यांची नावे येतात. ग्रीष्माचा उल्लेख येतो तो लावलेल्या झाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी देण्यापुरता. तेव्हा हिरव्या काडीच्या उन्हाळी कलमाचा धागा या ग्रंथापर्यंत नेता येत नाही. युरोपातील बागांत काचेच्या घंटाकृती झाकणांखाली कोवळ्या काड्या लावीत, तो या पद्धतीचा जवळचा पूर्वज मानता येईल.

पानाचे महत्त्व प्रयोगशाळेत हळूहळू उलगडले. पानांत तयार होणारे एखादे द्रव्य खोडाच्या तळाकडे उतरून मुळे फोडीत असावे, अशी कल्पना जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस फोन झाक्स यांनी १८८० च्या सुमारास मांडली. १९३४ मध्ये थीमान व वेंट यांनी ऑक्सिन हे संजीवक (वनस्पतीची वाढ नियंत्रित करणारे द्रव्य) मुळांच्या निर्मितीला चालना देते असे दाखविले, आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बॉइस थॉम्पसन संस्थेच्या झिमरमन व विल्कॉक्सन यांना इंडोल ब्युटिरिक आम्ल (आयबीए) त्यासाठी विशेष प्रभावी आढळले. रोपवाटिकांत आजही मुख्य भिस्त याच आम्लावर आहे.

तथापि ऑक्सिन दिले की मुळे येतात, असे सरळ समीकरण ठरले नाही. बूइयेन व वेंट यांनी १९३३ मध्येच ‘रायझोकॅलीन’ नावाचे वेगळे मूळकारक द्रव्य कल्पिले होते, पण ते शुद्ध स्वरूपात कोणाला मिळाले नाही. या वादात जास्वंदीवरील प्रयोग फार बोलके आहेत. पोर्तोरिको येथे काम करणारे फान ओव्हरबेक व त्यांचे सहकारी यांनी तांबड्या जास्वंदीची काडी लवकर मुळे धरते आणि पांढरीची धरत नाही, या फरकापासून सुरुवात केली. १९४५ मध्ये तांबड्या जास्वंदीचा पानांचा भाग पांढरीच्या काडीवर बांधून ऑक्सिन दिल्यावर पांढरीलाही मुळे फुटल्याचे त्यांनी नोंदविले. यावरून पानात ऑक्सिनखेरीज दुसरा घटक असल्याचा निष्कर्ष निघाला. मात्र लगेच १९४६ मध्ये त्यांनीच पानाऐवजी साखर व नायट्रोजनयुक्त द्रव्ये देऊन बऱ्याच अंशी तोच परिणाम साधला. पानाचे मोठे काम पोषणाचे आहे, हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटते. रोपवाटिकेतील अनुभवही त्याच बाजूचा आहे : गच्च सावलीत ठेवलेली काडी हिरवी दिसते, पण मुळे धरीत नाही.

आगंतुक मुळे (खोडासारख्या, मूळ नसलेल्या भागातून फुटणारी) बहुधा पाणी व अन्न वाहणाऱ्या ऊतींच्या लगत, ऊतककर (नव्या पेशी तयार करणारा थर) व परिकाष्ठ (अन्न वाहणारी ऊती) यांच्या भागातील पेशींपासून निघतात. करंट, हायड्रेंजिया व जाईच्या वंशातील काही जातींत त्यांचे अंकुर आधीच तयार असतात. कापलेल्या तोंडाशी येणारा किण (जखम भरणाऱ्या पेशींचा गोळा) म्हणजे मुळांची नांदी नव्हे. पुष्कळदा किण भरघोस येतो आणि मूळ एकही येत नाही. ऑलिव्हसारख्या झाडांत खोडातील कठीण तंतूंचे अखंड कडे मुळांना बाहेर पडू देत नाही, असे एक मत १९६० नंतरच्या दशकात पुढे आले. कडे असूनही मुळे बाहेर येतात आणि अडचण मुळांचे अंकुर सुरूच न होण्यात असते, असे दाखवणारी निरीक्षणे जवळपास त्याच काळातली असून त्यांचे पारडे जड आहे. आईझाडाचे वय मात्र निर्विवादपणे महत्त्वाचे आहे. जुन्या झाडाच्या काड्या हट्टी असतात, म्हणून दरवर्षी खालून छाटून कोवळी फूट आणणारी आईझाडे वेगळी राखतात.

काडीची अवस्था हाताने ओळखतात. वाकविल्यावर टचकन मोडणारी काडी योग्य. चेपून लोंबणारी फार कोवळी, तर न मोडता वाकणारी जून झालेली समजावी. लायलॅकमध्ये योग्य अवस्था फुलोऱ्याच्या सुमारास थोडे दिवसच टिकते. काड्या सकाळी, त्यांत पाणी भरलेले असताना घेतात. दोन-तीन पेरांची, ८ ते १२ सेंमी. लांबीची काडी डोळ्याच्या लगेच खाली धारदार पात्याने कापून खालची पाने काढतात व वरची मोठी असल्यास अर्धी करतात. तळाला १,००० ते ३,००० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) आयबीएची भुकटी लावतात. अगदी कोवळ्या काडीला कमी मात्रा पुरते. हे आम्ल पाण्यात नीट विरघळत नसल्याने द्रावण करताना ते आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावे लागते. जाड वाळू, पर्लाइट (हलके, सच्छिद्र खनिज) किंवा कोकोपीट यांचे मिश्रण निचऱ्याचे हवे. त्याचे तापमान २१ ते २५ अंश सेल्सियस ठेवून वरची हवा थोडी थंड राखतात, म्हणजे डोळे फुटण्याआधी मुळे फुटतात.

आर्द्रतेच्या बाबतीत महत्त्वाचे काम प्रथम उष्ण कटिबंधात झाले. त्रिनिदाद येथील इंपीरियल कॉलेज ऑफ ट्रॉपिकल ॲग्रिकल्चरमध्ये १९३० नंतरच्या दशकात पानांसह कोकोच्या काड्यांना मुळे फोडण्याची पद्धत बसविली गेली. ठराविक अंतराने धुके सोडणारी यंत्रणा १९५० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरली. उन्हाच्या वेळी दर काही मिनिटांनी काही सेकंद सोडलेले धुके पानावर पाण्याचा पातळ थर राखते व पान थंड ठेवते. त्यामुळे काडी भरपूर उजेडात ठेवता येते. मॉस्कोच्या तिमिर्याझेव कृषी अकादमीत तारासेंको यांनी थंड प्रदेशातील फळझाडे व झुडपे यांसाठी ही रीत विकसित केली.

महाराष्ट्रात हिरवे छाट कलम मुख्यतः शोभेच्या झाडांपुरते राहिले आहे. जास्वंद, मोगरा, तगर, क्रोटन यांच्या निमजून काड्या मृग लागल्यावर शेडनेटखाली लावतात, कारण त्या वेळी हवेतली ओल फुकट मिळते. अंजीर व डाळिंबाची लागवड बहुधा पक्व काडी किंवा गुटी कलमाने (झाडावरच फांदीला मुळे फोडून) होते. द्राक्षाच्या डॉगरिज खुंटाचीही काडीच लावतात. ती मुळे धरायला अवघड असल्याने संजीवक वापरतात. छाट कलमात आईझाडाचे गुण जसेच्या तसे उतरतात, तसा रोगही उतरतो. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोग दूरच्या भागात पोचण्यास रोगट बागेतील कलमे मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरतात. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या काडीतही जिवाणू असू शकतो, त्यामुळे काड्या घेण्याची बाग आधीच्या हंगामापासून नजरेखाली असावी लागते आणि कात्री दर झाडागणिक निर्जंतुक करतात.