मागी (ख्रिस्तजन्मकथेतील ज्ञानी पुरुष)

येशूच्या जन्मानंतर त्याला वंदन करण्यासाठी पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष. त्यांची कथा नव्या करारातील मत्तयकृत शुभवर्तमानात (2:1–12) येते. इतर तीन शुभवर्तमानांत ती नाही. हेरोद राजाच्या काळात हे लोक यरुशलेमेत आले आणि ‘यहूद्यांचा जो राजा जन्मला तो कोठे आहे?’ असे विचारू लागले. त्याचा तारा त्यांना दिसला होता. हेरोद घाबरला. त्याने याजक व शास्त्री बोलावले आणि त्यांनी मीखा संदेष्ट्याच्या वचनावरून बेथलेहेमचे नाव सांगितले. मागी तेथे गेले, बालकाच्या पाया पडले, सोने, ऊद व गंधरस अर्पण केले आणि स्वप्नात सूचना मिळाल्यावर हेरोदाला टाळून दुसऱ्या वाटेने मायदेशी परतले.

मागी हा मूळचा प्राचीन इराणातील मेद व पारसीक लोकांतला पुरोहितवर्ग. नक्षत्रांचे निरीक्षण आणि स्वप्नांचा अर्थ लावणे यांसाठी तो प्रसिद्ध होता. मत्तय त्यांची संख्या सांगत नाही, नावे देत नाही आणि त्यांना राजेही म्हणत नाही. भेटवस्तू तीन म्हणून माणसे तीन, असे पाश्चात्त्य परंपरेने मानले. सिरियाई परंपरेत ते बारा आहेत. रोममधील प्रिसिलाच्या भूमिगत दफनस्थानातील भित्तिचित्रात तीन मागी दिसतात, तर तिथल्याच इतर दफनस्थानांत कुठे दोन, कुठे चार. त्यांचे राजेपण जुन्या करारातील स्तोत्र 72 व यशया 60 यांतून आले, कारण दूरदेशीचे राजे नजराणे, सोने व ऊद घेऊन येतील असे तेथे म्हटले आहे. कास्पर, मेल्खियोर व बाल्थाझार ही नावे सहाव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिनने तीन राजांच्या या कल्पनेला वचनाचा आधार नाही असे ठणकावून सांगितले, आणि मूळ पाठापुरते त्याचे म्हणणे बरोबरच आहे. नाताळच्या देखाव्यात मागी मेंढपाळांशेजारी गव्हाणीपाशी उभे असतात. मत्तयाच्या कथेत मात्र ते एका घरात येतात आणि मेंढपाळ त्या कथेत नाहीतच.

भेटवस्तूंचा प्रसिद्ध अर्थ दुसऱ्या शतकाच्या अखेरीस बिशप इरेनियसने मांडला: सोने राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरणार असलेल्या मानवाला. गंधरस प्रेताला लावण्याच्या सुगंधी द्रव्यांपैकी एक. योहानाच्या शुभवर्तमानात येशूच्या दफनाच्या वेळी निकदेम तेच घेऊन येतो. त्यामुळे जन्माच्या आनंदातच क्रूसाची चाहूल आहे, असे धर्मोपदेशक शतकानुशतके सांगत आले आहेत.

ताऱ्याने मात्र चर्चला अडचणीत टाकले. ज्योतिष निषिद्ध असताना ज्योतिषीच ख्रिस्तापर्यंत पोहोचले, याचा मेळ कसा घालायचा? अंत्युखियाचा आद्यकालीन बिशप इग्नेशियस म्हणतो की त्या ताऱ्याच्या तेजाने जादूटोण्याची सत्ताच संपली. आद्य ख्रिस्ती लेखक तर्तुलियनच्या मते मागी ज्या वाटेने परतले ती ‘दुसरी वाट’ म्हणजे जुनी विद्या सोडणे. प्रसिद्ध धर्मोपदेशक योहान क्रिसोस्तोमने तर तो नेहमीचा तारा नव्हताच असे म्हटले, कारण आकाशातला तारा एका घरावर येऊन थांबू शकत नाही. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लरने सतराव्या शतकात इ.स.पू. 7 मधील गुरू-शनी युतीशी या कथेचा संबंध जोडला, आणि तेव्हापासून खगोलीय उत्तरांचा शोध सुरूच आहे. तो रंजक असला, तरी श्रद्धेचे चिंतन त्यावर अवलंबून नाही. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चच्या नाताळच्या स्तोत्रात याहून खोल उत्तर आहे: जे ताऱ्यांची पूजा करीत, त्यांना एका ताऱ्यानेच ख्रिस्ताची भक्ती शिकवली. म्हणजे देवाने त्यांना त्यांच्याच ओळखीच्या भाषेत हाक मारली.

कथेचा गाभा कोण आले आणि कोण आले नाही यात आहे. मागी परके, परधर्मी. हातात शास्त्र नाही, तरी ते लांबचा प्रवास करतात. शास्त्री अचूक वचन काढून देतात आणि जागेवरच राहतात, वास्तविक बेथलेहेम यरुशलेमपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर आहे. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने या शास्त्र्यांना मैलाच्या दगडाची उपमा दिली: वाटसरूला वाट दाखवतो, स्वतः हलत नाही. पुढे अशा उपमा संपूर्ण यहुदी समाजावर लादल्या गेल्या आणि द्वेषाच्या प्रवचनांना बळ मिळाले. हा अन्यायच होता. ते बालक, त्याची आई मरीया आणि योसेफ यहुदीच होते. मागींना पुढची वाटही यहुदी संदेष्ट्याच्या वचनानेच सापडली. ही टीका ज्याला धर्मग्रंथ पाठ आहे त्या प्रत्येकाला लागू होते, आणि तिचा रोख आधी ख्रिस्ती वाचकावर आहे.

ऑगस्टीन व पोप थोर लिओ यांनी मागींना ख्रिस्ताकडे आलेल्या परराष्ट्रीयांचे ‘प्रथमफल’, म्हणजे त्यांच्यातले पहिले, मानले. म्हणून पश्चिमेकडील चर्चमध्ये 6 जानेवारीचा प्रकटीकरणाचा (एपिफनी) सण त्यांचा झाला. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये तो दिवस येशूच्या बाप्तिस्म्याचा असतो आणि मागींची कथा नाताळलाच वाचतात. मध्ययुगीन चित्रकारांनी तिघांना तारुण्य, प्रौढत्व व वार्धक्य दिले, आणि पंधराव्या शतकापासून एक राजा आफ्रिकी दाखवणे रूढ झाले. पोप थोर ग्रेगरीने मागी दुसऱ्या वाटेने परतले या कथेच्या शेवटच्या वाक्यावर बोट ठेवले: आपला मायदेश स्वर्ग आहे, अवज्ञेने तो सोडला, तेव्हा परतायचे तर आज्ञापालनाच्या दुसऱ्या वाटेनेच.

1164 मध्ये जर्मन सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचा चॅन्सलर, कोलोनचा आर्चबिशप रायनाल्ड याने मागींचे म्हणून मानले गेलेले अवशेष इटलीतील मिलानहून जर्मनीतील कोलोनला नेले. यात्रेकरूंची रीघ लागली आणि 1248 मध्ये तेथील भव्य कॅथीड्रलचे बांधकाम सुरू झाले.

गोव्यात हा सण पोर्तुगीज काळापासून चालत आला आहे. मांडवीच्या उत्तर तीरावरील रेईश मागूश येथील फ्रान्सिस्कनांचे 1555 चे चर्च ‘तीन राजां’च्या नावाचे असून त्याच्या वेदीवर त्यांचे रंगीत लाकडी शिल्प आहे. दक्षिण गोव्यात कासावली, आरोशी व कुएली या गावांतून एकेक मुलगा मुकुट व राजवस्त्रे घालून घोड्यावर बसतो. तिघे वेगवेगळ्या वाटांनी टेकडीवरील रेमेदियुश मातेच्या चॅपेलपाशी येतात, तेथे मिसा (सामूहिक उपासना) होते आणि दिवसभर जत्रा भरते.