लोह आहे, पण बाहेर येत नाही

“वय झालं, आता रक्त थोडं कमी असायचंच!” हिमोग्लोबिन १०.५ आलेला रिपोर्ट हातात धरून लोक हे किती सहज म्हणतात. मुळीच असायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पुरुषांना १३ आणि स्त्रियांना १२ ग्रॅम (दर १०० मिलिलिटरमागे) ही अ‍ॅनिमियाची, म्हणजे रक्तक्षयाची, मर्यादा म्हातारपणी खाली उतरत नाही.

आता ‘फ्रेल्टी’, म्हणजे उतारवयात शरीराची गंगाजळीच आटणं. २००१ साली तिच्या पाच खुणा मांडल्या गेल्या: नकळत घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची ढिली पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल. तीन दिसल्या की फ्रेल्टी. अ‍ॅनिमिया असलेल्या वृद्धांत ती जास्त आढळते. स्नायूंना प्राणवायू कमी पडला की माणूस बसून राहतो, बसून राहिला की स्नायू झिजतात, हे सरळच आहे. खरी गंमत आहे ती दोघांच्याही मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याची.

उतारवयात अनेकांच्या शरीरात दाह (इन्फ्लमेशन) मंद धुमसत असतो. त्यात आयएल-६ (इंटरल्युकिन-६) हा दाहाचा निरोप्या रेणू वाढतो. तो स्नायूंच्या झिजेला हातभार लावतो आणि यकृताला हेपसिडिन हे संप्रेरक बनवायला लावतो. अवघ्या २५ अमिनो आम्लांची ही साखळी. लाल पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हाताऱ्या पेशी प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी गिळतात आणि त्यांतलं लोह फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनातून परत रक्तात सोडतात. नव्या पेशींना रोज लागणारं २०-२५ मिलिग्रॅम लोह बहुतेक असंच फिरून येतं. आतड्यातून येतं जेमतेम १-२ मिलिग्रॅम. हेपसिडिन नेमकं या फेरोपोर्टिनला चिकटतं, पेशी ते प्रथिन आत ओढून नष्ट करते आणि लोह आतच अडकतं. आतड्याच्या पेशींतही फेरोपोर्टिनच, त्यामुळे तोही रस्ता बंद. जंतूंना लोह मिळू नये म्हणून केलेली ही नाकेबंदी संसर्गात चार दिवस कामाची. वर्षानुवर्षं चालली तर लाल पेशी बनवणारी अस्थिमज्जा उपाशी.

अशा वेळी ‘रक्तवर्धक’ टॉनिकच्या बाटल्या रिचवून फारसं काही होत नाही. लाल रंगाचं खाल्लं की रक्त वाढतं, ही समजूत तर रंगापाशीच संपते. आधी फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारं प्रथिन, तपासावं. ते कमी असेल तर लोहाची खरीच कमतरता आहे, आणि मग जठर-आतड्यातून कुठे रक्त झिरपतंय का, ते शोधायलाच हवं. मात्र दाहात फेरिटिन स्वतःच वाढतं, म्हणून ‘नॉर्मल’ आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. बी-१२ आणि किडनीही बघावी लागते. एवढं करूनही बऱ्याच वृद्धांत कारण सापडत नाही. आणि हिमोग्लोबिन वर नेलं की फ्रेल्टी हटते, हेही अजून सिद्ध झालेलं नाही.