भूकंप जिथे होतो, तिथेच संपत नाही

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी सणाच्या प्रार्थनेसाठी चर्च भरलेली असताना लिस्बन हादरलं. पाठोपाठ समुद्र शहरात घुसला आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. त्याच दिवशी दूर स्कॉटलंडमधल्या सरोवरांचं पाणी कारण नसताना हेलकावलं आणि लाटा अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांपर्यंत गेल्या.

माझ्या मते या भूकंपातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पोर्तुगालचे मंत्री पोम्बाल यांनी गावोगावच्या धर्मगुरूंना पाठवलेली प्रश्नावली. हादरा किती वाजता बसला? किती वेळ टिकला? माणसं किती दगावली? समुद्र आधी चढला की ओसरला? दैवी कोपाच्या चर्चेने युरोप ढवळून निघत असताना कुणीतरी शांतपणे नोंदी मागवल्या. त्यातली बरीच उत्तरं आजही लिस्बनच्या दफ्तरखान्यात आहेत. पुढे १७६० मध्ये इंग्लंडच्या जॉन मिशेल यांनी भूकंपाचा हादरा जमिनीतून लाटांच्या रूपात पसरतो, असं मांडलं.

त्याच्याही आधी, जानेवारी १७०० मध्ये, जपानच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली होती. घरं वाहून गेली, पण तिथे कुणालाही धक्का जाणवला नव्हता. गावच्या दप्तरांत तशी नोंद झाली आणि कोडं जवळपास तीनशे वर्षं तसंच राहिलं. पॅसिफिकच्या पलीकडे त्याचं उत्तर होतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, भूकंपात जमीन खचून खारं पाणी शिरल्यामुळे मेलेल्या रेड सीडर वृक्षांची खोडं चिखलात उभी आहेत. त्यांची वाढवलयं मोजली, तेव्हा ही झाडं ऑगस्ट १६९९ आणि मे १७०० यांच्या दरम्यान मेल्याचं निघालं. जपानी नोंदींतल्या वेळेवरून भूकंपाची तारीखही ठरली: २६ जानेवारी १७००.

२२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. उपकरणांनी नोंदवलेला हा सर्वांत मोठा. त्याने अख्खी पृथ्वी घंटेसारखी कंप पावत राहिली आणि शास्त्रज्ञांना ते कंपन पहिल्यांदाच स्पष्ट टिपता आलं. सुमारे पंधरा तासांनी हवाईतल्या हिलो गावात लाट आली. भोंगे वाजले होते, तरी ६१ जण गेले. बावीस तासांच्या आसपास ती जपानला पोचली आणि तिथेही शंभराहून अधिक बळी घेतले. त्यानंतर १९६५ मध्ये पॅसिफिकभोवतीच्या देशांनी इशारा देण्याची सामायिक व्यवस्था बांधली.

हिंदी महासागरासाठी मात्र तशी व्यवस्था झाली नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्राजवळचा भूकंप जगभरच्या यंत्रांवर काही मिनिटांत उमटला. लाटेला सोमालियापर्यंत जायला सुमारे सात तास लागले, आणि एवढा वेळ हाताशी असूनही तिथे माणसं मेली. किनाऱ्यावरच्या लोकांपर्यंत निरोप पोचवायची सोयच नव्हती. ती युनेस्कोच्या पुढाकाराने उभी राहिली, पण सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेल्यावर.