तळपायाची आग आणि मिश्र गोळी : खान्देशातल्या नसांच्या दुखण्याची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पायाच्या नसांचे दुखणे घेऊन आलेला माणूस एकाच दमात दोन उलट गोष्टी सांगतो. 'पायनी आग व्हस', रात्री चादर तळव्याला लागली तरी सहन होत नाही. आणि चप्पल पायातून निसटून मागे राहिली तरी कळत नाही. ऐकणाऱ्याला यातले एक काहीतरी वाढवून सांगितल्यासारखे वाटते. पण दोन्ही खरे असते. जी नस खराब झाली ती खरी खबर पोचवत नाही आणि खोटी पाठवत राहते. गेल्या पन्नास वर्षांतली औषधे बहुतेक या आगीमागे लागली. बधिरपणाला औषध नव्हते, म्हणून त्याची तपासणीही मागे पडली, आणि पाय गमावण्याची वेळ येते ती मुख्यतः बधिरपणामुळे.

जुन्या ग्रंथांना दोन्ही तक्रारी ठाऊक होत्या. चरकसंहितेतल्या ८० वातविकारांत पादशूल (पाय दुखणे) आणि पादसुप्तता (पाय बधिर होणे) एकाच यादीत आहेत. सुश्रुताकडे पाददाह (पायांची आग) आणि पादहर्ष (पायांना मुंग्या) सापडतात. घराघरांत उतरली ती तूप लावून तळवे घासायची काशाची वाटी, आणि उन्हाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, झोपताना पायांवर टाकायचे ओले फडके. यांनी निदान बिघडत काही नाही. तापल्या विटेचा शेक आणि बिब्ब्याचा चटका यांचे तसे नाही. बधिर तळव्याला भाजलेले समजत नाही, फोड दिसतो तो सकाळी. चैत्रात खान्देशातून सप्तशृंग गडाकडे अनवाणी निघणाऱ्या पायी यात्रेकरूंत शुगरवाले किती, याची विचारपूस कोणी करत नाही. डांबरी रस्ता मात्र सगळ्यांना सारखाच तापलेला असतो.

पाय तपासण्याची शिस्त या भागात आली ती मधुमेहामुळे नव्हे, कुष्ठरोगामुळे. राष्ट्रीय पातळीवरचे नियंत्रणाचे काम १९५५ साली सुरू झाले, अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत १९८०च्या दशकात आली. गावोगाव फिरणाऱ्या कर्मचाऱ्यांना घोट्यामागची नस चाचपायला आणि बॉलपेनचे टोक तळव्याला टेकवून 'लागलं का' विचारायला शिकवलेले होते. मऊ रबराच्या, ज्याला एमसीआर म्हणतात त्या, चपला याच कामातून आल्या. आज मधुमेही पायांसाठी त्याच सुचवल्या जातात. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर रुग्णांचे प्रमाण १० हजारांत एकाच्या खाली आले, निर्मूलन जाहीर झाले. स्वतंत्र यंत्रणा एव्हाना सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळत आली होती. आकडा खरा होता, पण बॉलपेन टेकवणारा माणूस त्या आकड्याबरोबर दिसेनासा झाला. सातपुड्याच्या पट्ट्यात नवे रुग्ण आजही सापडतात. औषधांचा कोर्स पुरा होऊन जंतू गेल्यावरही काहींच्या नसा वर्षानुवर्षे ठणकत राहतात, आणि त्यांना 'तुमचा रोग बरा झाला' एवढेच ऐकायला मिळते.

मधुमेह मग आला तो एकदम. नियंत्रण चांगले ठेवल्यास नसांचे नुकसान टळते हे १९९३ साली एका मोठ्या अमेरिकी-कॅनडियन चाचणीने दाखवले. नसांचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. पण ते रुग्ण लहानपणापासून किंवा तरुणपणापासून इन्सुलिनवर असलेले होते. आपल्याकडच्या चाळिशी-पन्नाशीत सुरू होणाऱ्या शुगरमध्ये इतका फायदा दिसत नाही, हे सांगायचे राहून जाते. आणखी एक राहून जाते. 'इन्सुलिन सुरू केलं आणि पाय भाजायला लागले' ही तक्रार अडाणीपणाची म्हणून उडवली जाते. ती १९३३ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली आहे. बरेच महिने चढलेली शुगर फार झपाट्याने खाली आणली तर काहींच्या नसा पेटतात. सहसा काही महिन्यांत ते ओसरते. त्या भीतीने इन्सुलिन सोडणारा माणूस चुकतो, पण त्याने पाहिलेले खोटे नसते.

औषधे बहुतेक दुसऱ्या आजारांची. अमिट्रिप्टिलिन १९६०च्या दशकात नैराश्यासाठी आले आणि १९७०च्या दशकापासून पायांच्या आगीसाठी रात्री थोडक्या मात्रेत दिले जाऊ लागले. गॅबापेंटिनला अमेरिकेत १९९३ साली परवानगी मिळाली ती फिट्ससाठी. प्रीगाबालिन २००४ साली आले, मधुमेही नसांच्या दुखण्याचा थेट उल्लेख घेऊन. त्याच वर्षी ड्युलोक्सेटिनलाही या दुखण्यासाठी मान्यता मिळाली. खान्देशातल्या मेडिकलवर मात्र यातली नुसती गोळी मागणारे कमीच दिसतात. मागितली जाते ती 'नसांची गोळी', म्हणजे प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन आणि सोबत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-१२. कधी त्यात अमिट्रिप्टिलिनच्याच जातीचे नॉरट्रिप्टिलिनही.

या मिश्रणांवरचा वाद समजल्याशिवाय आजचे चित्र कळत नाही. कारखान्याला परवाना देण्याचा अधिकार राज्यांकडे, नव्या औषधाला मान्यता देण्याचा केंद्राकडे. दोन जुनी औषधे एकत्र केली की ते नवे औषध ठरते, हे नियमात होते, पण अनेक राज्यांनी केंद्राला न विचारता परवाने दिले. २०१२ साली संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले. मग तज्ज्ञ समिती बसली, आणि १० मार्च २०१६ रोजी एका फटक्यात ३४४ मिश्रणांवर बंदी आली. मधुमेहाच्या गोळ्यांची कितीतरी मिश्रणे त्या यादीत होती. गॅबापेंटिनमध्ये बी-१२, बी-६ आणि बी-१ घालून केलेली गोळीही होती. कंपन्या कोर्टात गेल्या. कायद्याने नेमलेल्या तांत्रिक सल्लागार मंडळाला सरकारने विचारलेच नाही, या मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी रद्द केली. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते प्रकरण त्याच मंडळाकडे तपासायला पाठवले, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी आली.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. दोन गोळ्यांऐवजी एक घ्यायची म्हटल्यावर शेतमजूर ती घेतो. दोन लिहून दिल्या तर एक पाकिटातच राहते. जळगाव जिल्ह्यात माळकरी, शाकाहारी घरे पुष्कळ, त्यामुळे बी-१२ची कमतरता तशीही खूप. त्यातच मधुमेहाची सर्वांत खपणारी मेटफॉर्मिन गोळी शरीरातले बी-१२ आणखी उतरवते. मग घातले बी-१२ तर बिघडले कुठे?

बिघडते ते मात्रेत. प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवायचे असते, म्हाताऱ्यांत आणि किडनी अधू असलेल्यांत कमी ठेवायचे असते. मिश्रणात एक वाढवले की दुसरेही वाढते. बी-१२ खरोखर कमी असेल तर ते आधी रक्तात मोजायचे, कदाचित इंजेक्शनने भरून काढायचे. ज्याच्या नसा त्या कमतरतेमुळेच खराब होत आहेत त्याला वेळेत भरपाई मिळाली तर त्या सावरू शकतात. सगळ्यांनाच थोडे थोडे देऊन टाकले की मोजायची गरज कोणाला वाटत नाही, आणि गोळी सुरू झाल्यावर रक्तातला आकडा वर दिसत असल्याने मूळ कारण शोधणे अवघड होते. बी-६ची गोष्ट तर उलटीच. ते मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतले तर स्वतःच नसा मारते. १९८३ साली अशा रुग्णांचे वर्णन छापून आले, त्यांचेही पाय बधिर झालेले होते. ज्या आजारावर गोळी घ्यायची तोच आजार ती वाढवू शकते, एवढे कारण बी-६ घातलेल्या त्या गोळीवर बंदी घालायला पुरेसे होते असे म्हणावे लागते. प्रीगाबालिन आणि बी-१२ची साधी जोडी मात्र बाजारात राहिली. बंदीनंतर तिचे दुकान उलट वाढले. दरम्यान ब्रिटनने एप्रिल २०१९ पासून गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन ही दोन्ही, सवय लागते म्हणून, नियंत्रित औषधांत टाकली होती. आपल्याकडे जुन्या चिठ्ठीवर ती मिळत राहिली.

२०१० पासून असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, प्राथमिक आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपी मोजले जाऊ लागले. तळव्याला १० ग्रॅमचा नायलॉनचा तंतू टेकवून पाहणे या तपासणीला मिनिटभर लागते, तरी ती या केंद्रांत सवयीची झाली नाही. शुगरचा आकडा यंत्र दाखवते. तळव्यासाठी माणसाला चप्पल काढायला लावून खाली वाकावे लागते. केळीच्या बागेत पाणी भरून आलेल्या पायांकडे वाकायला मोजकेच डॉक्टर तयार असतात.

कोणती गोळी सरस हा प्रश्न २०२२ साली एका ब्रिटिश चाचणीने बराचसा निकाली काढला. मधुमेही नसांचे दुखणे असलेल्या १३० जणांना अमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन आणि प्रीगाबालिन आळीपाळीने पहिली गोळी म्हणून दिली. आराम पुरेसा नसेल तर दुसरी जोडली. दहापैकी साधारण ६.६ असलेले दुखणे तिन्ही मार्गांनी ३.३ च्या आसपास आले. म्हणजे निम्मे गेले, निम्मे राहिले. एकीला दुसरी जोडल्याने काहींना अधिक आराम पडला, पण ती जोडणी माणूस पाहून, मात्रा पाहून केलेली होती; कारखान्यात आधीच मिसळलेली नव्हती.

तिघींतली स्वस्त आणि जुनी अमिट्रिप्टिलिन आहे. तिने तोंड कोरडे पडते. प्रोस्टेट वाढलेल्या म्हाताऱ्याची लघवी अडू शकते, काचबिंदूवाल्याला आणि हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असणाऱ्याला ती जपून. प्रीगाबालिनने चक्कर येते, झोप येते, आणि काहींचे पाय सुजतात. ही सूज किडनीची की गोळीची हे पाहावे लागते, आणि चप्पल घट्ट होऊन बधिर बोटांना घासते का तेही.