मानेचा एक सांधा जोडला, की भार कुठे जातो?

स्पाइन सर्जन आणि इम्प्लांट उत्पादकांसाठी माहितीपत्रक

मानेच्या पुढून जाऊन खराब डिस्क काढायची, तिथे हाडाचा तुकडा किंवा केज (मणक्यांमध्ये बसवायचा छोटा पोकळ आधार) बसवून दोन मणके जोडायचे, ही शस्त्रक्रिया स्मिथ-रॉबिन्सन आणि क्लॉवर्ड यांच्या १९५८ च्या लेखांपासून रुळली. हातात उतरणारी कळ बहुतेकांची थांबते. पण मान वळवायची तर असतेच, आणि ते काम वरखालच्या सांध्यांवर पडते. हिलिब्रँड व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ३७४ रुग्णांचा अभ्यास मांडला: शेजारच्या सांध्याचा नवा त्रास वर्षाला सुमारे २.९ टक्के. यात फ्यूजनचा, म्हणजे मणके जोडण्याचा, वाटा किती आणि वयोमानाच्या झिजेचा किती, यावर आजही मतभेद आहेत.

आम्ही रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून मानेचे संगणकीय मॉडेल बांधतो. हाडाचे कठीण कवच, आतला जाळीदार भाग, डिस्क, फॅसेट सांधे (मणक्यांच्या मागचे छोटे सांधे), लिगामेंट (हाडे बांधणारे पट्टे) या सगळ्यांना वेगवेगळे गुणधर्म दिले जातात. लिगामेंटचा ताठरपणा सीटीतून कळत नाही. तो प्रसिद्ध प्रयोगांतून घ्यावा लागतो. आधी शस्त्रक्रियेविना मान वाकवून तिची हालचाल शवांवरील प्रयोगांशी ताडून पाहतो. ती जुळल्याशिवाय केज बसवत नाही.

अहवाल कोणाचाही असो, एक प्रश्न जरूर विचारा: भार कसा लावला? फ्यूजनच्या आधी आणि नंतर मानेला तेवढेच, समजा १ न्यूटन-मीटर, बलाघूर्ण (वाकवणारा जोर) दिले, तर शेजारच्या सांध्यात फारसा फरक दिसत नाही, कारण प्रत्येक सांध्यावर जवळपास तेच बलाघूर्ण येते. एकूण हालचाल तेवढीच ठेवली, तर शेजारचा सांधा जास्त वाकतो. रुग्ण मान वळवून मागे बघतो तेव्हा त्याला हालचाल हवी असते, म्हणून आम्ही दुसरी पद्धत वापरतो आणि अहवालात तसे स्पष्ट लिहितो.

मॉडेलचा खरा उपयोग तुलनेत आहे. टायटॅनियमचा ताठरपणा सुमारे ११० गिगापास्कल, पीक (PEEK) या प्लास्टिकचा ३ ते ४. त्याच मणक्यात दोन्ही केज बसवून पाहिले, की केजच्या कडेखाली एंडप्लेटवर (मणक्याच्या डिस्ककडच्या पृष्ठभागावर) ताण कुठे एकवटतो ते दिसते. केज हाडात रुतण्याची भीती तिथेच असते. हाड ठिसूळ असेल तर केजचा आकार मोठा घेऊन काय फरक पडतो, हेही तपासता येते. हाड कधी जुळेल, दुखणे किती राहील, हे मॉडेल सांगत नाही. तो निर्णय सर्जनचाच.

काम देताना १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांचे सीटी, डायकॉम स्वरूपात, रुग्णाचे नाव काढून पाठवा. हाडांच्या घनतेचा अहवाल असेल तर सोबत जोडा. त्याने उत्तर बरेच बदलते.