रुग्णालयाबाहेरील प्रसूती (ठाणे जिल्हा)

घरी, पाड्यावर, वीटभट्टीवर किंवा रेल्वेच्या फलाटावर होणारे बाळंतपण. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ९४.७ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत होतात. ही नोंद उरलेल्यांविषयी आहे.

घरी बाळंत होण्यास मनाई करणारा कायदा भारतात नाही. सरकारचा भर सक्तीपेक्षा प्रोत्साहनावर आहे. २०११ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. जननी सुरक्षा योजनेत (२००५) दारिद्र्यरेषेखालील बाईला घरच्या बाळंतपणासाठीही ५०० रुपयांची तरतूद आहे. शहापूर-मुरबाडच्या ज्या पाड्यांवरून पावसाळ्यात गरोदर बाईला झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते, तिथे घरची प्रसूती ही बहुधा निवड नसतेच. वाटेत अडलेली बाई जवळच्या कोणत्याही रुग्णालयात पोचली, तर तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत (सर्वोच्च न्यायालय, परमानंद कटारा खटला, १९८९).

बाळाची नोंद करणे मात्र बंधनकारक आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार घरी जन्म झाल्यास कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांत खबर द्यायची असते: गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक), ठाणे-नवी मुंबईत महापालिकेच्या निबंधकाकडे. नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, आईबाप राहतात तिथे नाही. भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कातकरी कुटुंबांची अडचण इथेच होते. भट्टीवर मूल जन्मते, पावसाच्या तोंडावर बिऱ्हाड गावी परतते आणि दाखला भट्टीच्या ग्रामपंचायतीत राहून जातो. वर्षभरानंतर नोंदीसाठी जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशासाठीही हाच दाखला पुरावा ठरत असल्याने ही दिरंगाई पुढे महागात पडते. धावत्या वाहनात जन्म झाला, तर पहिल्या थांब्यावर खबर देण्याची जबाबदारी वाहनाच्या प्रभारीची.

सुईणीची बाजू याहून लंगडी आहे. त्याच अधिनियमाच्या कलम १० ने जन्माची माहिती निबंधकाला कळवण्याचे कर्तव्य तिच्यावरही टाकले आहे. संरक्षणाच्या वेळी मात्र कायद्याला ती दिसत नाही. परंपरेने शिकलेल्या दाईला सरकार एकेकाळी प्रशिक्षण देत असे, पण ‘कुशल प्रसूती सेविके’च्या व्याख्येत ती बसत नाही. नोंदणीकृत नर्सबाईचीही स्थिती फारशी भक्कम नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय उपचार करताना तो झाला तर डॉक्टरसाठी ही मर्यादा दोन वर्षे. ही सवलत फक्त वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेल्यांना आहे. परिचारिका-प्रसाविकेचे (नर्स-मिडवाइफचे) नाव महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते, म्हणजे तीही सवलतीबाहेर. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा २०१० चा कायदाही संस्थेत कर्तव्य बजावताना झालेल्या हिंसेपुरता आहे. मध्यरात्री कुणाच्या खोपटात नाळ कापणाऱ्या बाईला त्याचा आधार नाही.

आणखी एक मेख आहे. बाई स्वतःच्या घरी बाळंत झाली तर परवान्याचा प्रश्न येत नाही. सुईणीने मात्र आपल्या घरी बाळंतिणी ठेवायला सुरुवात केली, तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात ते प्रसूतिगृह ठरते.

केंद्राने २०१८ मध्ये प्रसाविकांसाठी १८ महिन्यांच्या विशेष प्रशिक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतले प्रसाविका-संचालित कक्ष रुग्णालयांतच कल्पिलेले आहेत. २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग अधिनियमही नोंदणीकृत व्यावसायिकांसाठी आहे. पाड्यावरच्या दाईचे नाव त्या नोंदवहीत येण्याची वाट त्याने ठेवलेली नाही.